बाळ रात्रभर निजत नाही? आधी आईच्या झोपेची सोय लावा

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात मी आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळ जन्मलं की ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी त्या घरी जायचं, वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, अंगावरचं दूध नीट जातंय का ते बघायचं. सगळं आटोपून मी पिशवी खांद्याला लावली की बाळाची आजी हळूच विचारते, ‘पोर रातभर निजणा नाय गो, काय करूचा?’ आई बाजूला बसलेली असते, डोळे सुजलेले, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असा चेहरा.

तिचं काही चुकत नसतं. लहान बाळ रात्री उठणारच. पण बाळाला झोपवायचं औषध शोधण्यात घरातली माणसं जेवढा जीव टाकतात, त्याच्या निम्मा जरी आईला झोप मिळावी म्हणून टाकला, तर पहिले ४ महिने निभावून जातात. म्हणून बाळाच्या झोपेसाठी काय करता येतं ते सांगतेच, आणि आईच्या झोपेसाठी काय करायचं तेही सांगते. दुसरं सहसा कुणी सांगत नाही.

बाळ उठतं कशाला

नवजात बाळ २४ तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट आवळ्याएवढं, त्यात आईचं दूध पटकन पचतं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, त्यातल्या तीन-चार वेळा रात्रीच्या असणारच. शिवाय दिवस कुठला आणि रात्र कुठली हे त्याला अजून कळत नाही. अंधार पडला की आपल्या शरीरात मेलाटोनिन तयार होतं आणि झोप येते. बाळाच्या शरीरात हे तंत्र बसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रात्रीच्या अंगावरच्या दुधातून त्याला थोडं मेलाटोनिन मिळतं, म्हणूनही रात्रीचं पाजणं तोडू नये.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक घरी दाखवून देते. बाळ झोपलेलं असताना दहा मिनिटं नुसतं बघत बसा. ते तोंड वाकडं करतं, कण्हतं, हातपाय झाडतं, मधेच हसतं, पापण्यांखाली बुबुळं फिरतात. हे जागं होणं नव्हे. या वयात जवळजवळ निम्मी झोप अशी हलतीच असते. आजी मात्र पहिल्या ‘उं’ला बाळ उचलते, थोपटते, आणि झोपेतलं बाळ खरंच जागं होतं. म्हणून आवाज आला की हात लावण्याआधी मिनिट-दोन मिनिटं थांबा. पुष्कळदा ते आपणच परत गाढ झोपतं. मुठी तोंडात घालणं, जीभ बाहेर काढणं, मान वळवून चोखायला शोधणं सुरू झालं की मात्र रडायची वाट बघू नका, लगेच घ्या. रडून हैराण झालेलं बाळ नीट पीतही नाही.

दूध पुरतंय की नाही, हे रात्रीच्या उठण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा शू होते का, आणि वजन वाढतं का, एवढं बघा. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, १०-१४ दिवसांत भरून येतं, आणि मग पहिले काही महिने साधारण रोज २०-३० ग्रॅमने वाढतं. काटा वर जात असेल तर ‘दूध पुरणा नाय’ म्हणून डबा आणायची घाई करू नका.

रात्रीसाठी दिवस बदलावा लागतो

आमच्याकडे बाळाची न्हाणी म्हणजे घरातला मोठा कार्यक्रम. सकाळी नऊ-दहाला न्हाऊ घालणारी बाई येते. घाण्याचं खोबरेल, रगडून मालिश, कढत पाणी, वर शेक. बाळ दमून जे निजतं ते दुपारी दोन वाजेपर्यंत. घरात कुणाचं भांडं पडलं तरी सगळे ‘श्श्’ करतात, खिडकीवर पडदा ओढतात. तेच बाळ मग रात्री एकला टक्क डोळे उघडून बसतं. त्याची मोठी झोप दिवसाच उरकलेली असते.

न्हाणी बंद करा असं मी म्हणत नाही. हलक्या हाताची मालिश बाळाला आवडते, फक्त नाकात-कानात तेल नको आणि पाणी कोपराला सोसेल एवढंच ऊन. पण दिवसा अडीच-तीन तासांवर बाळ झोपू देऊ नका. झोपलेल्या बाळाला उठवणं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. दुपटं बाजूला करा, लंगोट बदला, तळपाय चोळा, छातीशी लावा. दिवसा खिडक्या उघड्या राहू देत, मिक्सर चालू दे, पोरं ओटीवर खेळू देत. सकाळी थोडा वेळ बाळाला घेऊन पडवीत बसा, पावसाळ्यातसुद्धा. ढगाळ उजेडही त्याला दिवस कळायला पुरतो.

जमलं तर आंघोळ दुपारी चार-पाचला न्या. बाई त्या वेळी येत नसेल तर संध्याकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसून कपडे बदला. मग दिवे कमी, बोलणं हळू, पाजणं, अंगाई. रोज हाच क्रम आणि साधारण हीच वेळ. पहिल्या महिन्यात याचा काही उपयोग दिसणार नाही, तरी सोडू नका. तिसऱ्या महिन्यापासून त्याला हा क्रम ओळखीचा व्हायला लागतो.

गणपतीच्या दिवसांत हे सगळं मोडतं. मुंबईहून माणसं आलेली, घरोघरच्या आरत्या, रात्रीची भजनं, आणि बाळ या हातातून त्या हातात. आरतीला बाळ न्यायला ना नाही. पण एका आरतीनंतर आई आणि बाळ आतल्या खोलीत जाणार हे घरातल्या मोठ्या माणसाने पाहुण्यांना सांगावं. नवी सून ते सांगू शकत नाही.

बाप मुंबईत असेल तर आणखी एक गोष्ट. ड्युटी संपवून, जेवून रात्री अकराला तो व्हिडिओ कॉल लावतो. इकडे दिवा लागतो, बाळाच्या तोंडावर मोबाइलचा उजेड, आजी ‘बघ बाबा बोलतत’ म्हणून त्याला जागं करते. बाबांनी सकाळी कामावर जाताना फोन करावा. बाळ तेव्हा ताजंतवानं असतं, हसतंही जास्त.

रात्री उठलात की

झोपायच्या आधी सगळं हाताशी ठेवा: कोरडे लंगोट, दोन दुपटी, मेणकापड, पाण्याचा तांब्या, आईसाठी अळिवाचा किंवा डिंकाचा लाडू. पाजताना आईला तहान लागतेच, आणि पाण्यासाठी स्वयंपाकघरात जाऊन आलं की तिची झोप उडते. दिवा झिरोचा. जून-जुलैत वीज जाते ती जाते, तेव्हा चार्जिंगचा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवा. मेणबत्ती मच्छरदाणीजवळ नको.

एका बाजूचं पिऊन झालं की लंगोट बदला आणि मग दुसऱ्या बाजूला लावा. आधी पोटभर पाजून नंतर बदलायला घेतलं तर पेंगलेलं बाळ पुन्हा खडबडून जागं होतं. ढेकर काढा, पण चार-पाच मिनिटांत नाही आला तर अर्धा तास थोपटत बसू नका. बोलणं, खेळवणं, डोळ्यांत बघून हसणं हे सगळं दिवसासाठी ठेवा.

पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत हे मोठंच दुखणं. दमट लंगोट बांधला की कातडी लाल होते आणि बाळ दर तासाला रडतं. स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोरी बांधली तर कपड्यांना धुराचा वास लागतो. पंख्याखाली वाळवा आणि वर इस्त्री फिरवा. रात्रीपुरता विकतचा डायपर वापरायला हरकत नाही, शी झाली की मात्र लगेच बदलायचा.

अंगावर किती घालायचं? एप्रिल-मेच्या घामट रात्री कानटोपी, मोजे, वर गोधडी घातलेली बाळं मी बघते. त्यांची मान घामाने चिंब असते. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका, छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून बघा. तिथे ऊबदार आणि कोरडं असेल तर ठीक. आपल्याला जेवढं लागतं त्यावर फार तर एक पातळ कपडा जास्त. पंखा चालेल, फक्त वारा सरळ तोंडावर नको.

जायफळ, घुटी, ग्राइप वॉटर

यावर मी थोडी जास्त बोलणार आहे.

आमच्या भागात नारळी-पोफळीच्या बागेत जायफळाचं झाड असतंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण सुगंधा’ ही जातही लोकांनी लावली आहे. जायफळ घरचं, म्हणून त्याची भीती वाटत नाही. एका घरी सहाणेवर जायफळाचा ओला, तपकिरी डाग दिसला. बाजूला चांदीचं बोंडलं. ‘निजण्यापुरते दोनच वळसे,’ आजी म्हणाली. त्या दिवशी बाळ पाजायलाही उठत नव्हतं, आणि घरातल्यांना वाटत होतं की गुण आला. मी बाळाला उठवून पाजायला लावलं, श्वास मोजले, आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. बाळ बरं आहे. पण जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूवर काम करतं. सहाणेवर किती उगाळलं गेलं याचं माप कुणाकडे नसतं. तीन-चार किलोच्या जिवाला दोन वळसेही जास्त होऊ शकतात. गुंगी आली म्हणजे झोप लागली असं नाही. त्या गुंगीत बाळ भुकेलाही उठत नाही, आणि श्वासावर परिणाम झाला तर वेळेवर कळतही नाही.

घुटीतलं वेखंड, मायफळ, सहाणेवर न धुतल्या हातांनी उगाळलेलं पाणी, कशाचीच गरज नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं. ग्राइप वॉटरने पोटाला काही मिळत नाही, फक्त तेवढं दूध कमी प्यायलं जातं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचं दूधच, पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी लिहून दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब वगैरे तेवढे वेगळे. आणि मेडिकलमधून ‘झोप येईल असं’ सर्दीचं सिरप कधीच आणू नका.

आजीला ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हटलं तर ती मी गेल्यावर उगाळणारच. मी तिला दुसरं काम देते. रात्रीचं पहिलं पाजणं झालं की ढेकर काढून बाळ छातीशी धरून झोपवायचं, हे तुमच्याकडे. आजीच्या हाताला जी सवय असते ती कुठल्याच औषधात नाही, आणि ती ते काम आनंदाने घेते.

कुठे निजवायचं

पाठीवरच निजवा, रात्री आणि दिवसाही. सपाट, घट्ट अंथरूण. डोकं गोल व्हावं म्हणून केलेली मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी, खेळणी काहीही जवळ नको.

साडीची झोळी कोकणातल्या घरोघर आहे. तिच्यात बाळ लगेच शांत होतं, पण मधे खोल वाक येतो, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो. दिवसा, कुणी समोर बसलेलं असताना, थोडा वेळ ठीक. रात्री सगळे झोपल्यावर झोळीत बाळ ठेवू नका. सपाट तळाचा लाकडी पाळणा त्यापेक्षा बरा.

बहुतेक घरांत बाळ आईच्या कुशीतच असतं, आणि मी ते बदलायला सांगितलं तरी बदलणार नाही. तेव्हा निदान एवढं पाळा. अंथरूण जमिनीवर आणि घट्ट असू दे. बाळ आईच्या बाजूला, मोठं भावंड त्याच्या शेजारी नको. दारू प्यायलेलं, विडी-सिगारेट ओढणारं किंवा झोपेची गोळी घेतलेलं माणूस त्या अंथरुणात नको. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ आईच्या खोलीतच, पण वेगळ्या अंथरुणावर. आणि खुर्चीत किंवा सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागेल असं वाटलं तर आधीच उठून अंथरुणावर जा.

बाजेखालची शेगडी रात्री बंद खोलीत ठेवू नका. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपेतच जीव घेतो. ओवा-बाळंतशेपाची धुरी आणि मच्छर कॉइलचा धूर बाळाच्या छातीला वाईट. मच्छरदाणीसारखं दुसरं काही नाही.

तिन्हीसांजेचं रडणं

दिवेलागणीला सुरू होऊन रात्री नऊ-दहापर्यंत चालणारं रडणं दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास वाढायला लागतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं. त्या वेळी बाळ सारखं अंगावर प्यायला मागतं. मागेल तेवढं पाजा. उघड्या छातीवर उघडं बाळ धरून वर दुपटं घ्या, पडवीत फेऱ्या मारा, एकाच सुरात गुणगुणा. बापाच्या छातीवरही बाळ तितकंच शांत होतं.

दृष्ट काढायची असेल तर काढा, त्यात आजीची माया असते. फक्त मीठ-मोहरी-मिरच्या मागीलदारी नेऊन जाळा. मिरचीच्या खाटाने बाळाला ठसका लागतो आणि रडं आणखी वाढतं.

रडणं ऐकून डोकं भणाणून गेलं, राग अनावर झाला, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवा आणि पाच मिनिटं बाहेर जा. तेवढ्याने बाळाचं काही बिघडत नाही. कितीही राग आला तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

आईची झोप

आईला सलग चार तास झोप मिळालीच पाहिजे, आणि ती मिळवून देणं हे घराचं काम आहे. सोपी वाटणी अशी: रात्री आठला आई पाजते आणि लगेच निजते. तिथून बारापर्यंत बाळ सासू, आई, नणंद किंवा नवऱ्याकडे. बाळाला भूक लागली तर त्यांनी ते आईच्या कुशीत द्यायचं आणि पिऊन झालं की परत न्यायचं, आईने उठायचं नाही. पहाटेची पाळी दुसऱ्याची. पावसाळ्यात होड्या बंद असतात, बाप घरी असतो, तेव्हा त्याने रात्रीचे लंगोट आपल्याकडे घ्यावेत. आमच्या गावातल्या काही जणांनी घेतले आहेत आणि ते चांगलं करतात.

दुपारी बाळ निजलं की आईनेही निजायचं. पाहुणे ‘बाळ बघूक’ येतात ते चारनंतर या म्हणावं. आईला कुळथाची पिठी, पेज, भाकरी, भाजी, मासे, सगळं खाऊ द्या. तिने मासे खाल्ले म्हणून बाळाचं पोट फुगत नाही. चहा मात्र दिवसाला दोन कपांवर नको, त्यातलं कॅफीन दुधात थोडं उतरतं.

पहिले काही दिवस उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं. पण दोन आठवड्यांनंतरही मन उदास असेल, बाळ निजलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. आशाला सांगा, डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

हे दिसलं तर रात्र काढू नका

बाळ पीत नाही किंवा उठवूनही उठत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आहेत, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटके येतात, उलटी हिरवी होते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, नाळेभोवती लाली किंवा पू आहे, शू फार कमी होते: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ किंवा १०२ ला फोन करा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर एक-दोन रात्री किरकिर आणि थोडा ताप येतो. तेव्हाचं औषध आणि डोस नर्सताईंनी सांगितला असेल तेवढाच.

चार महिन्यांनंतर

चांगलं झोपायला लागलेलं बाळ चौथ्या महिन्याच्या आसपास पुन्हा उठायला लागतं. त्याची झोप मोठ्यांसारखी होत असते आणि एका फेरीतून दुसरीत जाताना ते जागं होतं. आता त्याला पूर्ण झोपल्यावर नव्हे, पेंगुळलेलं असतानाच खाली ठेवून बघा. कुरकुरलं तर हात ठेवा, थोपटा. रडलं तर उचला. झोप लागेल म्हणून नाचणीसत्त्व लवकर सुरू करू नका, पोट भरलं म्हणून या वयात बाळ जास्त झोपत नाही. वरचं खाणं सहा महिने पूर्ण झाल्यावर. त्यानंतरही रात्री एक-दोनदा उठणारी बाळं पुष्कळ असतात आणि ती धडधाकट असतात.

याच सुमाराला बाळंतीण माहेराहून मुंबईला निघते. नवी खोली, नवे आवाज, आजी नाही. पहिले आठ-दहा दिवस झोप बिघडणार हे धरूनच चला. रोजचं दुपटं आणि चादर न धुता बरोबर न्या, वास ओळखीचा राहतो. संध्याकाळचा क्रम पहिल्या दिवसापासून तोच ठेवा. आता आजीची पाळी कोण घेणार हे नवरा-बायकोने निघायच्या आधीच बोलून घ्या. लसीचं माता-बाल संरक्षण कार्ड जवळच्या पर्समध्ये ठेवा, गाडीच्या डिकीत टाकलेल्या बॅगेत नको. पुढचा डोस मुंबईतल्या कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतो, तिथे ते कार्ड दाखवायला लागतं.